रुख्माची फारखती

बिसरामनं रुख्माला पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं विचारलं ते गोंदियाच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी. तो बिरसीचा, चार एकर धानाचा धनी. बायको वारून तीन वर्षं झालेली. ती मुर्रीची, नवऱ्यापासून सुटून सहा वर्षं भावाच्या घरी राहिलेली. दोघं एकमेकांना बाजारातच पाहत आली होती, आणि बाजारात माणसाचं बरंच काही कळतं. कोण उगाच घासाघीस करतो, कोण काट्याकडे डोळे लावून बसतो, कोण जाता जाता फुकटची मिरची उचलतो.

"तुले वांगे चांगले निवडता येतात," बिसराम म्हणाला.

"वांगेच येतात," रुख्मा म्हणाली. "मानूस निवडाच्या वेळी मले कोनी विचारलं नवतं."

"आता मी विचारून राहिलो."

रुख्मानं आणखी दोन वांगी दाबून पाहिली, टोपलीत टाकली आणि म्हणाली, "बरं."

इतकं सोपं ते तिथपर्यंतच होतं. पाट लावायचा तर जातीच्या पंचांचा होकार लागतो, आणि बिरसीच्या पंचांचा म्होरक्या शालीकराम आदल्या वर्षी चांगला पोळला होता. त्यानं एका बाईचा पाट लावून दिला आणि दोन महिन्यांनी तिचा पहिला नवरा बालाघाटकडून उगवला. प्रकरण कचेरीत गेलं. शालीकरामला साक्षीसाठी पाच वेळा भंडाऱ्याला जावं लागलं. ही बाई सुटलेली आहे हे तुम्हाला कसं कळलं, असं वकिलानं विचारल्यावर तो म्हणाला, "तिनंच सांगितलं जी," आणि सगळी कचेरी हसली. ते हसणं शालीकरामच्या कानांतून अजून गेलं नव्हतं.

"पोरगी चांगली आहे, मले माहीत आहे," तो बिसरामला म्हणाला. "पन कागद आन म्हन तिले. फारखतीचा, सरकारी शिक्क्याचा. कागदाशिवाय मी आता माह्या मायलेही माय म्हनत नाई."

रुख्माकडे कागद नव्हता. तिची काडीमोड झाली होती नवेगाव बांधला, सन अठ्ठावीसच्या उन्हाळ्यात, चिंचेच्या झाडाखाली. पाच पंच बसले, तिच्या नवऱ्याच्या, कवडूच्या, हातात गवताची काडी दिली, त्यानं ती मोडून दोन्हीकडे फेकली, पंच म्हणाले "सुटली", आणि सगळ्यांनी गूळ-पोहे खाल्ले. पुरावा म्हणायचा तर ती काडी होती, आणि ती बहुतेक त्याच दुपारी एखाद्या शेळीनं खाल्ली असेल.

राहता राहिले पंच. पाचांतले दोघे वारले होते. तिसरा आसामच्या चहाच्या मळ्यात गेला तो तिकडचाच झाला. चौथा प्रामाणिक होता. आपण त्या दिवशी बसल्या जागी झोपलो होतो, पोहे आले तेव्हा जागे झालो, असं त्यानं कबूल केलं. पाचवा बकाराम, कवडूचा काका. तो म्हणाला, "कवडू म्हनेल तर मी म्हनीन."

म्हणजे गाडी पुन्हा कवडूपाशी आली.

कवडू वाईट माणूस नव्हता. हात उगारणं नाही, दारू नाही, शिवीगाळ नाही. फक्त कुठल्याही गोष्टीला त्याचं एकच उत्तर असे: "पाहू." कवेलू सरकून घर गळतं आहे, पाहू. बैल लंगडतो आहे, पाहू. रुख्मानं असली सात वर्षं काढली. शेवटी ती म्हणाली, मला मोकळं कर, तर त्यावरही तो "पाहू" म्हणाला आणि त्या पाहण्यात दोन वर्षं गेली.

आषाढात ती नवेगावला गेली. कवडू ओसरीवर बसला होता. त्यानं दुसरी बायको केली होती, शामकला. ती आत काहीतरी वाटत होती. रुख्मानं कागदाचं सांगितलं.

"रोवना होऊ दे," कवडू म्हणाला. "मंग पाहू."

धानाची रोवणी झाल्यावर ती गेली, तर तो म्हणाला, धान कापून होऊ दे. धान कापून झालं, तर म्हणाला, मंडई होऊ दे. दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली, दंडारवाले आले, नाचले, गेले, कवडू म्हणाला, "पाहू." खरं सांगायचं तर त्याला हे आवडायला लागलं होतं. आजवर कुणी त्याच्याकडे काही मागायला दोनदा आलं नव्हतं. आता एक बाई गाडीनं देवलगावच्या टेशनावर उतरून, तिथून पायी, त्याच्याकडे यायची. शेजारीपाजारी विचारायचे, काय झालं रे. तो मिशीवरून हात फिरवायचा.

चौथ्या खेपेहून परतताना रुख्मा घरी न जाता गोंदियाच्या तहसील कचेरीवर गेली. तिथे कडुलिंबाखाली मुन्नालाल अर्जनवीस आपली पेटी मांडून बसे. लोकांचे अर्ज लिहून देणं हा त्याचा धंदा, आणि फुकट सल्ला देणं हा शौक.

"देखो बाई," तो म्हणाला, "फारखती मर्द लिहून देतो. स्टांपाच्या कागदावर, अंगठा, दोन साक्षीदार, आणि मग रजिस्ट्री. तो देणार नाही तर तुझ्याजवळ काय आहे? काडी. काडी कचेरी में नहीं चलती."

"मंग मी कोन आहे?"

"कागद के हिसाब से? कागद के हिसाब से तू अभी भी कवडू की घरवाली."

तो हे तिला गप्प करायला म्हणाला होता. रुख्मा लिंबाच्या मुळावर बसली. मग तिनं विचारलं, "घरवालीनं घरी राहिलं तर कोनी हाकलू शकते का?"

मुन्नालालनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कौन हाकलेगा? हाकलायला त्याला आधी सांगावं लागेल की तू घरवाली नाहीस." आणि हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी त्यानं रुख्माकडून काहीच घेतलं नाही.

पौषातल्या एका सकाळी रुख्मा नवेगावात शिरली ती डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत गोधडी आणि पदरात बांधलेला वरवंटा घेऊन. कवडूच्या ओसरीवर तिनं पेटी ठेवली आणि आत जाऊन वरवंटा पाट्यावर ठेवला. लग्नात तो तिनं माहेरून आणला होता आणि जाताना परत नेला होता.

शामकला चुलीपाशी उभी होती, हातात जळतं लाकूड. "हे का होय?"

"घरी आली," रुख्मा म्हणाली. "कचेरीतले म्हनतात का मी आजून इथलीच आहो. तू भिऊ नको बाई. तुह्या चुलीले मी हात लावत नाई. घरधनी कुठं गेले?"

शामकलाच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. काडीमोड झाल्यापासून रुख्मा गावात सगळ्यांदेखत त्याला कवडू म्हणायची. सुटलेल्या बाईला ती मुभा असते. आज ती नाव घेत नव्हती, म्हणजे हे थट्टेचं नव्हतं.

कवडू तलावावरून झिंगे घेऊन आला तेव्हा ओसरीसमोर वीसेक माणसं जमली होती. रुख्मानं डोक्यावर पदर घेतला.

"तू इथं कायले?" कवडू म्हणाला.

"कुठं जाऊ? कागदात तुमचीच आहो."

"आपली काडीमोड झाली ना."

"झाली का? मंग तसं लिहून द्या."

वीस माणसं कवडूच्या तोंडाकडे पाहू लागली. नेहमीचा शब्द त्याच्या जिभेवर आला, पण तो म्हणणं म्हणजे हिला ठेवून घेणं, हे त्यालाही कळलं. तो झिंगे घेऊन आत गेला.

पहिले दोन दिवस शामकला तिच्याशी बोलली नाही. पण वरवंट्याकडे तिची नजर जात होती. रुख्मा गेल्यापासून या घरात नदीतल्या गोट्यानं वाटण व्हायचं. नवा वरवंटा आणा असं शामकलानं पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, आणि त्याचं उत्तर काय मिळालं असेल ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी तिनं मिरची-लसूण घेतला आणि मुकाट्यानं वरवंट्यावर वाटला. चार हातांत चटणी लोण्यासारखी झाली.

"माही हाडं मोडली त्या गोट्यानं," ती म्हणाली.

"मले काय सांगतेस," रुख्मा म्हणाली. "ते मागचं कवेलू आजून गळते का?"

"त्याच जागी."

"चिमटा-सांडशी ठेवते त्या कोनाड्यावर?"

"तिथंच."

दोघी हसल्या नाहीत, पण त्या एकाच घरात राहून आलेल्या होत्या, आणि तसं दुसरं माणूस त्यांना जगात कुणी नव्हतं.

त्या संध्याकाळी कवडू जेवायला बसला तर रुख्मानं उंबऱ्याशी उभं राहून नरम आवाजात विचारलं, "धनी, मागचे कवेलू कवा फिरवता? नाई तर मी सरपंचाच्या, मालगुजाराच्या घरी जाऊन सांगते का आमच्या घरी मानूस नाई." कवडूनं भाताचा घास खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो शिडीवर होता. खाली एक बायको कवेलू देत होती, दुसरी कुठं सरकलं ते सांगत होती, आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस घटकाभर थांबून पाहत होता. त्याच्या पुढच्या दिवशी घरामागच्या सांदवाडीचं कुंपण झालं. मग धानाच्या तणसाचा ढीग, जो दोन वर्षं अंगणातच पडला होता, मागे गेला. मग गोठ्याचं दार.

आठव्या दिवशी कवडू रुख्मासमोर आला. खांदे दुखत होते, तळव्यांना फोड आले होते. "देतो कागद," तो म्हणाला. "उद्याच चाल गोंदियाले."

रुख्मा तोंड उघडणार तोच शामकलानं तिला कोपरानं ढोसलं. आत नेऊन ती हळूच म्हणाली, "बाई, आजून चार रोज थांब ना. विहिरीच्या रहाटाचं राहिलं."

रुख्माला बिसराम डोळ्यांसमोर दिसत होता. पण शामकलाचं तोंड पाहून तिला नाही म्हणवेना. ती बाहेर आली आणि कवडूला म्हणाली, "पाहू."

तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो ते कवडूला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चार दिवस तो रहाटापाशी घाम गाळत होता आणि दर संध्याकाळी विचारत होता, उद्या जायचं का.

बाराव्या दिवशी चौघं गोंदियाला निघाली: कवडू, साक्षीला बकाराम काका, रुख्मा, आणि शामकला. शामकलाचं काही काम नव्हतं, पण ती म्हणाली, हा माणूस देवलगावच्या टेशनावर पोचून मागे फिरेल, मी ओळखते याला. गाडीच्या डब्यात दोघींनी कवडूला मध्ये बसवलं.

मुन्नालालनं कागद लिहिला. फलाणे साली, फलाणे ठिकाणी, पंचांसमक्ष काडीमोड होऊन उभयतांचा संबंध कायमचा तुटला आहे, रुख्मा हिला पाट लावण्यास मुखत्यारी आहे, माझी वा माझ्या वारसांची हरकत नाही, हे मी राजीखुशीनं लिहून देतो. बकारामनं साक्षीचा अंगठा उठवला. दुसरी सही कचेरीत पान खायला आलेल्या, मुर्रीच्या ओळखीच्या चुन्नीलाल दुकानदाराची झाली.

रजिस्ट्रीच्या खोलीत साहेब बसले होते, पिकल्या केसांचे, उन्हासाठी टेबल खिडकीशी ओढून घेतलेले. बाजूला कारकून ईश्वरदास. त्यानं कागद मोठ्यानं वाचला आणि नियमाप्रमाणे कवडूला विचारलं, "हे तू राजीखुशीनं लिहून दिलं?"

कवडू आयुष्यात पहिल्यांदा साहेबासमोर उभा होता. साहेबासमोर खोटं बोलू नये एवढं त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "राजी आहो जी. खुशी नाई."

ईश्वरदासची लेखणी थांबली. "शब्द एकच आहे. राजीखुशी. अर्धा लिहिता येत नाही."

साहेबांनी मान वर केली. "तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"आहे जी."

"कोणाचा?"

कवडूनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "दोघींचा."

बारा दिवसांची मेहनत, पाच महिन्यांच्या खेपा, सगळं या एका खऱ्या बोलण्यावर वाहून जाणार. दबावाखाली लिहिलेला कागद रजिस्ट्री होत नाही, हे तिला मुन्नालालनं बजावून सांगितलं होतं. शामकलानं डोळे मिटून घेतले.

"काय केलं या दोघींनी?" साहेबांनी विचारलं.

"कवेलू फिरवाले लावले. कुंपन कराले लावलं. गोठ्याचं दार. रहाट." कवडू बोटांवर मोजत होता. "सकाळी उठवतात जी. एकजन उठवते, मी परत झोपतो, तं दुसरी येते."

साहेबांनी रुमालानं तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "बरं. मी तुला एकच विचारतो. ही बाई तुला परत घरी हवी आहे का?"

"नाई," कवडू म्हणाला.

इतक्या झटकन त्यानं आजवर कशालाच उत्तर दिलं नव्हतं. रुख्माला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तरी तिच्या आत कुठेतरी बारीक टोचलं. नऊ वर्षं एका चुलीपाशी काढली होती तिनं. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं, फोड आलेले तळवे चोळत उभा असलेला तो माणूस, आणि टोचणं गेलं.

"लिहा," साहेब ईश्वरदासला म्हणाले. "हीच खरी राजीखुशी."

"बाई, नवऱ्याचं नाव?" ईश्वरदासनं नोंदीसाठी विचारलं.

"नवरा नाई," रुख्मा म्हणाली. "पहिल्याचं नाव कवडू." आणि दुसऱ्यांदा, स्वच्छ आवाजात, "कवडू."

कागद शिक्का होऊन हाती यायला आठवडा लागणार होता. तोवर पावती मिळाली. बाहेर आल्यावर शामकला मुन्नालालपाशी गेली.

"मलेही एक नक्कल पाहिजे."

"तुला कशाला?"

"घरी ठेवाले." ती थोडी थांबली आणि कवडूला ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणाली, "अना असा कागद बाईनं मागितला तं बाईलेही भेटते का?"

मुन्नालाल म्हणाला, "क्यों नहीं." कवडूनं कुणी न सांगता शामकलाच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या पुढे टेशनाच्या वाटेला लागला. वरवंटा नवेगावलाच राहिला. रुख्मानं तो परत मागितला नाही.

आठवड्यानं ती कागद घेऊन बिरसीला गेली. पंच वडाखाली बसले होते. शालीकरामला वाचता येत नव्हतं, पण त्यानं कागद उन्हाकडे धरून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं, वास घेतला. मग शाळामास्तरकडून वाचून घेतला, तोही दोनदा. "राजीखुशीनं" हा शब्द आला तेव्हा त्यानं डोकं हलवलं.

"पक्का आहे," तो म्हणाला. "आता कोन्या वकिलाच्या बापाले भ्यायचं काम नाई. बिसराम, येत्या सोमवारी पाट लावू."

सगळे उठायला लागले. रुख्मा बसून राहिली.

"जी, एक विचारू?" ती म्हणाली. "माहा कागद तुमी पाहिला, बरं केलं. आता यांचा पाहू द्या."

"कोनाचा?"

"बिसरामचा. याची बायको वारली म्हनतात. कोन म्हनते? हेच म्हनतात." तिचा आवाज अगदी साधा होता. "उद्या ती बालाघाटकडून आली तं?"

पंचांतला एक जण हसू दाबायला गेला आणि खोकला. बिसराम म्हणाला, "अगे, मीच तिले जाळून आलो. हे सगळे होते. शालीकरामबुवाही होते."

"होतो," शालीकराम म्हणाला, आणि तिथेच थांबला. भंडाऱ्याच्या कचेरीत उभं राहून आपण तेच सांगतो आहोत, समोर वकील आहे, मागे लोक आहेत, असं काहीतरी त्याला दिसलं असावं. त्यानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं, परत घातलं.

"बाई बरोबर बोलून राहिली," तो शेवटी म्हणाला. "कागद पाहिजे."

त्यामुळे सोमवारचा पाट राहिला. बिसराम गावच्या कोतवालाकडे गेला. कोतवाल जन्ममरण ठाण्यात कळवत असे, पण त्याला ती तारीख आठवेना. मग दोघं ठाण्यात गेले. तिथल्या मुन्शीनं तीन वर्षांच्या वह्या उपसल्या, आणि बिसरामच्या बायकोच्या जागी बिसरामचंच नाव मयतात लिहिलेलं निघालं. आपण जिवंत आहोत हे पटवायला बिसरामला दोन खेपा घालाव्या लागल्या, आणि दुसऱ्या खेपेला शालीकरामला साक्षीला न्यावं लागलं. मुन्शीनं त्याला विचारलं, हा जिवंत आहे हे तुम्हाला कसं माहीत. शालीकरामनं बराच विचार केला आणि सांगितलं की हा माझ्यासमोर उभा आहे जी.

दुरुस्तीची नक्कल माघात मिळाली. बिसराम ती घेऊन थेट मुर्रीला आला. रुख्मा भावाच्या अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. त्यानं कागद तिच्यासमोर धरला.

"घे. मी विधुर आहो. सरकारी."

तिनं सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि कागद घेतला. वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"पायदळ आला का?" तिनं विचारलं.

"पायदळ. टांगा नाई भेटला."

"मंग बस," ती म्हणाली. "भात टाकते."